तर्ज कोणती जी?

मारेगाव-वणीकडे खंजिरी भजनाला मंडळी बसली आणि कुणी नवं भजन काढलं, की पेटीवाला आधी विचारतो, "तर्ज कोणती जी?" शब्द तुमचे असतील, पण सूर कुणाचे ते सांगा. एकदा ते कळलं की त्याची बोटं आपोआप पट्ट्यांवर पडतात. तुकडोजी महाराजांच्या (१९०९-१९६८) भजनांच्या पुस्तकांतही कित्येक भजनांच्या डोक्यावर कंसात तर्ज छापलेली असते. पुण्याकडे हेच काम 'चाल' करते. किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'त (१८८०) लावण्यांच्या, कानडी पदांच्या चाली आल्या त्या अशाच, नावानिशी.

'तर्ज' अरबीतला, फारसीमार्गे आलेला. अर्थ ढब, घडण. 'तऱ्हा' तिची सख्खी बहीण वाटते, पण ती निराळ्या अरबी धातूची. गंमत म्हणजे याच 'तरह'वरून उर्दूत तरही मुशायरा आला: एक ओळ नेमून द्यायची आणि सगळ्यांनी त्याच जमिनीवर आपापली गझल बांधायची.

'चाल' मात्र घरची, संस्कृत 'चल्'ची. ती लावतात, बांधतात, बसवतात आणि उचलतातही! उचलली म्हटलं की आरोप, 'च्या चालीवर' म्हटलं की सौजन्य.

गिटारवाली पोरं आता 'कव्हर' म्हणतात. मला हा शब्द जून लागला की वह्यांना घालायच्या खाकी कागदासारखा वाटतो: आतलं झाकणारा. मूळ अर्थ तो नव्हे. अमेरिकेत एका कंपनीचं गाणं चाललं की दुसरी कंपनी तेच आपल्या गायकाकडून गाऊन घेई; त्या धंद्यातला हा शब्द. सगळा डाव गिऱ्हाइकाचा, सुराशी देणंघेणं नाही.

म्हणून बॉब डिलनच्या 'ऑल अलाँग द वॉचटॉवर'पाशी तो तोकडा पडतो. डिलनची १९६७ची ध्वनिमुद्रिका साधी, गिटार-माउथऑर्गनची. पुढच्याच वर्षी जिमी हेन्ड्रिक्सनं इलेक्ट्रिक गिटारवर तिचं रूपच पालटलं. शब्द तेच, चालही म्हटलं तर तीच, ढब मात्र पार वेगळी. इथं 'तर्ज'च हवा. पुढं डिलन स्वतःच मंचावर हेन्ड्रिक्सच्या वळणानं ते गाऊ लागला. आपल्याकडच्या एखाद्या छापखान्यानं मूळ कवीच्याच नावाखाली, बिनदिक्कत, 'तर्ज : हेन्ड्रिक्स' असा कंस टाकला असता.