कुरणावरची शाळा

शाळेत न येणारे मूल आळशी असते, हा समज आपल्याकडे फार जुना आहे. तो किती खोटा, हे आपल्याच ठाणे जिल्ह्यात एकदा सिद्ध झाले. ती हकीकत कोपरीच्या श्रोत्यांपुढे मांडावी, असे आम्हांस वाटते.

1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीस आल्या. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेकांसह बालशिक्षणाचे काम केले होते. माँटेसोरी पद्धत त्यांना पुरती अवगत होती. पण तिची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. तीच अंगणवाडी. 1975 च्या बालविकास योजनेने हे नाव देशभर नेले.

1957 मध्ये हे काम कोसबादच्या टेकडीवर वारली वस्तीत गेले. (हा भाग 2014 पासून पालघर जिल्ह्यात आहे.) तेथे मुलगा गुरे राखी आणि मुलगी धाकटे भावंड सांभाळी. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून 'विकासवाडी' उभी राहिली, आणि गुराख्यांसाठी शिक्षक कुरणावर जाऊ लागले. ती 'कुरणशाळा'. मूल आळशी नव्हते. ते कामावर होते.

परंतु एक प्रश्न उरतोच. पाने-शिंपले वर्गात आणणे सोपे. मुलाच्या घरचे दुःख वर्गात बोलू देणे अवघड. 1945 सालीच याच मुलांचे वाडवडील वेठबिगारीविरुद्ध उठले होते. ते कोणत्या धड्यात यावे?

याचे उत्तर त्याहून नव्वद वर्षे आधी पुण्यात मिळाले होते. ज्योतिराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतील मुक्ताबाई या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने महारमांगांच्या दुःखावर निबंध लिहिला, आणि 1855 मध्ये 'ज्ञानोदया'ने तो छापला. जे सोसले, तेच तिने लिहिले. म्हणून आजही तो इतिहासाचा पुरावा आहे.

फाळणीनंतर कोपरीत सिंधी निर्वासितांनी पुन्हा घरे उभारली. त्या आजीआजोबांचा प्रवास नातवाने वर्गात उभे राहून सांगावा, इतरांनी तो ऐकावा व त्यावर प्रश्न विचारावेत. पाठ्यपुस्तकातील फाळणीचा धडा त्याने उणा होणार नाही; तो खरा होईल.