मणिपुरी तट्टू : खेळ जगभर पोहोचला, कुरण घरचे गेले

१/ आज जगभर खेळल्या जाणाऱ्या आधुनिक पोलोचे मूळ मणिपुरात आहे. मात्र ज्या तट्टाच्या पाठीवर हा खेळ वाढला, ते आज इंफाळच्या रस्त्यांवर कचऱ्यात अन्न शोधताना दिसते. ही वेळ त्याच्यावर का आली, हे या धाग्यात पाहू.

२/ मणिपुरी तट्टू अंगाने लहान असते. त्याची उंची साधारण पावणेचार ते सव्वाचार फूट. पण ते चपळ आणि काटक. त्याला तबेल्याची सवय नाही. काम वा खेळ संपला की मालक त्याला मोकळे सोडतात. मालकी माणसाची, पण राहणी जवळजवळ रानटी, अशी ही जुनी रीत आहे.

३/ मोकळे सोडायचे ते कोठे? इंफाळचे खोरे चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेले आहे. सखल भागात पाणी साचून उथळ तळी आणि दलदली तयार होतात. त्यांना तेथे ‘पाट’ म्हणतात. या पाटांच्या काठचे गवत हेच तट्टांचे अन्न आणि तेच त्यांचे घर. ही जमीन एकट्यादुकट्याची नव्हे, सामाईक चराईची होती.

४/ या तट्टांवरच मणिपूरचे घोडदळ उभे राहिले. राजा गरीबनिवाज (कारकीर्द १७०९–१७४८) याच्या स्वारांनी ब्रह्मदेशात खोलवर धडक मारली. त्यांचे खास शस्त्र ‘अरांबाई’ : मागे मोरपीस लावलेला, फेकून मारायचा लोखंडी टोकाचा बाण. माघार घेतानाही स्वार तो पाठलागावरील शत्रूवर फेकीत असे.

५/ पुढे पारडे फिरले. १८१९ ते १८२६ हा ब्रह्मी अंमलाचा काळ मणिपुरात ‘सात वर्षांचा विध्वंस’ म्हणून ओळखला जातो. खोरे ओस पडले. अनेक मणिपुरी कैद होऊन ब्रह्मदेशात गेले आणि त्यांच्यातील स्वार ब्रह्मी सैन्याच्या घोडदळात दिसू लागले.

६/ तरीही तट्टांचा वंश बुडाला नाही. माझ्या मते याचे एक कारण साधे आहे. युद्धाने घोडे नेले, स्वार नेले. पाट मात्र जागेवरच राहिले. चारा आणि मोकळी जागा शिल्लक असली, की उरलेल्या थोड्या जनावरांपासूनही कळप पुन्हा वाढू शकतो.

७/ आता खेळाकडे वळू. मणिपूरचा ‘सगोल कांग्जै’ म्हणजे घोड्यावरून खेळायची हॉकी. प्रत्येक बाजूला सात स्वार. शेजारच्या काछारमध्ये स्थायिक झालेले मणिपुरी तो खेळत. रॉबर्ट स्ट्युअर्ट आणि जोसेफ शेरर या इंग्रज अधिकाऱ्यांनी तो पाहिला आणि १८५९ मध्ये सिल्चर येथे क्लब स्थापन झाला. १८६२ मध्ये कोलकात्यात आणि १८६९ मध्ये इंग्लंडमध्ये हा खेळ पोहोचला.

८/ खेळ पसरला तसा तो या जनावरापासून दूर गेला. वेगासाठी अधिक उंच घोडे हवेसे वाटू लागले. आरंभी घोड्याच्या उंचीवर मर्यादा असे; पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तीही गेली. इकडे १८९१ च्या इंग्रज-मणिपूर युद्धानंतर राजाच्या घोडदळाचे दिवसही संपले. तट्टाची दोन्ही मोठी कामे अशी आटली.

९/ तरीही खरा घाव जमिनीवर बसला. राजधानी वाढली, पाट बुजले. इंफाळजवळील लांफेलपाट हे तट्टांचे मोठे चराऊ क्षेत्र. तेथे कार्यालये, संस्था आणि वसाहती उभ्या राहिल्या. दक्षिणेस १९८३ मध्ये इथाई बंधारा सुरू झाला. लोकताक सरोवराची पातळी वर्षभर उंच राहू लागली आणि काठची चराई पाण्याखाली गेली.

१०/ २००३ च्या पशुगणनेत ही तट्टे सुमारे १,९०० होती. २०१२ मध्ये सुमारे १,१०० उरली. २०१३ मध्ये राज्य सरकारने ही जात संकटग्रस्त घोषित केली, २०१६ मध्ये संवर्धनाचे धोरण आले. आस्थेची उणीव मुळीच नाही. मार्जिंग या अश्वदेवतेची पूजा आजही होते. इंफाळच्या मापाल कांग्जैबुंग मैदानावर सामनेही रंगतात. उणीव आहे ती गवताची.

११/ आपल्याकडील भीमथडीची तट्टेही आठवावीत. राज्यगीतातही त्यांचा उल्लेख आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि मराठी घोडदळाची मागणी ओसरली. पण फिरस्त्या धनगरांना बिऱ्हाड वाहण्यासाठी तट्टू लागतच राहिले, म्हणून ते टिकले. २०२४ मध्ये स्वतंत्र जात म्हणून त्याची नोंद झाली. वाड्याचीही चराई आक्रसली, तर ही नोंदही कागदापुरती उरेल.

१२/ एखादी जात लोप पावू लागली की आपण जनावरे मोजतो. जमीन मोजली तर कारण लवकर सापडते. मणिपुरी तट्टाने सात वर्षांचा विध्वंस सोसला. भराव टाकलेली दलदल त्याला सोसवत नाही. म्हणून त्याचा इतिहास लिहिताना लढायांच्या बखरींइतकेच जमिनीचे जुने नकाशेही वाचायला हवेत.