मूळपदावर आलेला संगणक

संगणक वारंवार अडकू लागला, निळा पडदा दाखवून आपोआप बंद-चालू होऊ लागला, की दुरुस्ती करणारा बहुधा एकच उपाय सांगतो: ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ मग हार्ड डिस्क पुसली जाते आणि संगणक कारखान्यातून निघाला तेव्हा जसा होता, तसा पुन्हा होतो. पैनगंगेच्या काठी वसलेल्या किनवटसारख्या गावाला हा उपाय सोयीचा वाटावा, यात नवल नाही. नांदेड येथून सव्वाशे किलोमीटरहून दूर. तेथे यंत्र पाठवण्यापेक्षा दोन तासांत जागच्या जागी काम झालेले बरे. (वीजपुरवठ्याचा भाग, स्मृतीची पट्टी किंवा हार्ड डिस्क हीच नादुरुस्त असेल, तर मात्र कितीही वेळा फॉरमॅट मारून उपयोग होत नाही. हे आधी तपासलेले चांगले.)

पण या उपायाचा एक परिणाम मराठी शाळांनी बराच काळ अनुभवला. संगणक सुरळीत चालू झाला, म्हणून मुख्याध्यापकांनी एखादे जुने पत्र उघडावे, तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसे. यंत्र मूळपदावर आले होते आणि त्या मूळपदात मराठी नव्हती. तेव्हा मूळपद म्हणजे नेमके काय, ते संगणकात कोठे ठेवलेले असते आणि ते कोण ठरवते, हे थोडे मागे जाऊन पाहू.

भारतातल्या शाळांत संगणक पोचवण्याचा पहिला मोठा सरकारी प्रयत्न म्हणजे १९८४-८५ मध्ये सुरू झालेला ‘क्लास’ प्रकल्प. पहिल्या फेरीत सुमारे अडीचशे शाळा निवडल्या होत्या आणि त्यांना ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीने बनवलेले बीबीसी मायक्रो हे संगणक दिले गेले. ३२ किलोबाइट स्मृतीचे हे यंत्र आज खेळण्यासारखे वाटेल. पण मूळपदाच्या बाबतीत ते आजच्या यंत्रांपेक्षा उजवे होते. त्याची कार्यप्रणाली आणि बेसिक ही भाषा, दोन्ही रॉम चिपमध्ये कोरलेल्या असत. रॉममधला मजकूर वाचता येतो, बदलता येत नाही. विद्यार्थ्याने काहीही गोंधळ घालावा, बटण बंद करून पुन्हा चालू करावे. क्षणार्धात पडद्यावर यंत्राचे नाव, ‘बेसिक’ हा शब्द आणि पुढच्या आज्ञेची वाट पाहणारे बाणाचे टोक हजर.

या यंत्राच्या कळफलकावर ‘ब्रेक’ नावाची कळ होती. ती दाबली की चालू असलेले सर्व थांबे आणि यंत्र मूळ स्थितीत येई. मुलाने तासभर बसून लिहिलेला प्रोग्राम चुकून ही कळ दाबल्यामुळे नाहीसा झाला, तर? त्यावरही तोड होती. लगेच ‘ओल्ड’ ही आज्ञा टंकली की प्रोग्राम परत मिळे. कारण ब्रेकने स्मृती पुसली जात नसे. ‘येथे काही नाही’ एवढीच खूण केली जाई. मधल्या वेळात नवी ओळ लिहिली, तर मात्र गेलेले गेले. पुसणे आणि पुसल्याची खूण करणे यांतला हा फरक आजही तितकाच खरा आहे. घाईघाईत फॉरमॅट मारलेल्या हार्ड डिस्कवरच्या फायली जाणकाराला कधी कधी परत काढता येतात, त्या याच फरकामुळे.

आणखी एक गोष्ट या यंत्रात करता येई. आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत हवी ती आकृती भरून नवे अक्षर तयार करता येई. एखाद्याने मेहनतीने देवनागरी ‘क’ काढला, तर तो पडद्यावर उमटे. पण ही आकृती रॉममध्ये नव्हे, तात्पुरत्या स्मृतीत राही. वीज गेली की ‘क’ गेला. कारखान्याने कोरलेली रोमन अक्षरे मात्र जागच्या जागी.

याच सुमारास, ऑगस्ट १९८१ मध्ये, आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला होता आणि पुढे त्याच घडणीचे संगणक जगभर पसरले. यात कार्यप्रणाली रॉममध्ये नसे, ती उठवणारा एक छोटा प्रोग्राम तेवढा तेथे असे. त्याचे काम एवढेच: यंत्राचे भाग तपासायचे, चकतीवरचा पहिला ५१२ बाइटचा तुकडा वाचायचा आणि त्याच्या हाती कारभार सोपवायचा. तो तुकडा उरलेली कार्यप्रणाली उठवतो. या क्रियेला ‘बूट होणे’ म्हणतात. स्वतःच्याच बुटांचे पट्टे ओढून स्वतःला वर उचलण्याची जी अशक्य कल्पना इंग्रजीत आहे, तीवरून हा शब्द आला.

या रचनेचा फायदा उघड होता. नवी कार्यप्रणाली आली की चिप बदलायची गरज नाही, चकती बदलली की झाले. पण तोटाही तेथेच होता: मूळपद आता अशा जागी गेले, जेथे कोणीही लिहू शकत होते. लाहोरच्या दोन भावांनी १९८६ मध्ये तयार केलेला ‘ब्रेन’ हा विषाणू नेमका त्या पहिल्या तुकड्यात जाऊन बसत असे. त्यावर सव्वापाच इंची फ्लॉपीच्या काळातला बंदोबस्त मोठा साधा होता. फ्लॉपीच्या कडेला एक चौकोनी खाच असे. तिच्यावर चिकटपट्टी लावली की फ्लॉपीवर काही लिहिता येत नसे. डॉसची एक मूळ फ्लॉपी अशी बंद करून शिक्षकाने कपाटात ठेवावी. यंत्र बिघडले की तीच लावून सुरू करावे. कपाट हीच त्या काळची रॉम होती म्हणायची.

प्रत्येक वेळी सगळे पुसण्यापेक्षा रोग तेवढा काढावा, या विचारातून महाराष्ट्रातही एक उद्योग उभा राहिला. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर आणि पुढे संगणक दुरुस्त करत. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत विषाणूचा उपद्रव वाढला, तेव्हा संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी तो काढून टाकणारे प्रोग्राम लिहिले. १९९०च्या दशकाच्या मध्यावर त्यातून ‘क्विक हील’ तयार झाले.

पण मूळपदाला खरा धक्का बसला तो २६ एप्रिल १९९९ रोजी. तोवर बूट करणाऱ्या छोट्या प्रोग्रामसाठीही पुन्हा लिहिता येणारी फ्लॅश चिप वापरात आली होती, म्हणजे सुधारणा करणे सोपे जावे. तैवानमध्ये तयार झालेला ‘सीआयएच’ विषाणू त्या दिवशी जागा झाला. त्याने हार्ड डिस्कचा आरंभीचा भाग तर खराब केलाच, शिवाय काही यंत्रांतल्या या चिपवरही भलतेच लिहिले. अशा यंत्राला चिप बदलल्याशिवाय उठताच येत नव्हते.

पुढे विंडोज आले, कार्यप्रणालीचा पसारा वाढला आणि मूळपद फ्लॉपीवर मावेनासे झाले. कंपन्या यंत्रासोबत एक सीडी देऊ लागल्या. नंतर सीडी देणेही थांबले आणि मूळ प्रत हार्ड डिस्कवरच एका लपवलेल्या विभागात ठेवली जाऊ लागली. हा बदल ग्राहकाच्या सोयीसाठी केला असे सांगितले गेले. आम्हाला त्यात कंपन्यांची काटकसर अधिक दिसते. हार्ड डिस्क बिघडली तर तिच्याबरोबर लपवलेली प्रतही जाते, कपाटातली सीडी निदान शाबूत राहत असे. २०१२ मधल्या विंडोज ८ पासून ‘रीसेट’ची सोय खुद्द विंडोजमध्येच आली. त्यात आपल्या फायली राखण्याचा पर्याय असतो. बाहेरून टाकलेले प्रोग्राम मात्र जातात.

आता मराठीकडे वळू. संगणक अक्षर ओळखत नाही, क्रमांक साठवतो. रोमन ‘ए’चा क्रमांक ६५. शिवाजी, किरण, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमध्ये युक्ती अशी, की क्रमांक रोमन अक्षराचाच ठेवायचा आणि त्यावर आकृती तेवढी देवनागरी चढवायची. फाँट आहे तोवर मराठी दिसते. फाँट गेला की खालचे रोमन उघडे पडते. सुरुवातीला सांगितलेल्या खिचडीचे कारण हेच. पत्र नष्ट झालेले नसे, त्याचा मुखवटा गेलेला असे.

याला पक्का उपाय म्हणजे देवनागरीला स्वतःचे क्रमांक देणे. त्यासाठीचे भारतीय मानक १९९१ मध्ये ठरले. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती. त्यात ‘क’चा क्रमांक २३२५. पण क्रमांक ठरणे वेगळे आणि कारखान्यातून निघालेल्या यंत्राला तो समजणे वेगळे. विंडोज २००० मध्ये ही सोय प्रथम आली आणि सोबत प्रा. र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ हा फाँट. तरी २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये ती सोय झोपलेलीच असे. भाषेच्या खिडकीत जाऊन एका चौकटीत खूण करायची, मग यंत्र विंडोजची सीडी मागायचे. जेथे सीडी नाही तेथे काम अडले. त्याच काळात एमएस-सीआयटीच्या निमित्ताने हजारो शिक्षक संगणकाकडे वळले होते. फॉरमॅट मारला की ती खूण पुन्हा करा, सीडी पुन्हा शोधा. २००७ मध्ये घरोघरी आलेल्या विंडोज व्हिस्टापासून मराठी उघडताच दिसू लागली, म्हणजे ती मूळपदात आली.

शाळांच्या कपाटांत आणि संगणकांत जुन्या फाँटमधले निकाल, दाखले, स्मरणिका आजही आहेत. मूळपदावर आणण्याआधी त्या फायलींबरोबर त्यांचा फाँटही दुसऱ्या ठिकाणी उतरवून ठेवावा, आणि सवड होईल तसे ते युनिकोडमध्ये बदलून घ्यावे. बदलणारे प्रोग्राम मोफत मिळतात. जोडाक्षरे मात्र डोळ्यांखालून घालावी लागतात.

किनवट तालुक्यापुरती ही गोष्ट मराठीपाशी संपत नाही. येथे गोंडी बोलणारी घरे आहेत. गोंडीच्या दोन लिप्यांना युनिकोडमध्ये जागा मिळाली: मसराम गोंडीला २०१७ मध्ये आणि गुंजाळा गोंडीला २०१८ मध्ये. यातल्या दुसरीचे नाव गुंजाळा या गावावरून पडले. ही लिपी असलेली हस्तलिखिते तेथे मिळाली आणि ते गाव किनवटला लागून असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यात आहे. तिचा फाँट इंटरनेटवरून मोफत उतरवता येतो. किनवटच्या एखाद्या शाळेने तो संगणकात टाकला, तर त्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवून द्यावी. पुढच्या वेळी फॉरमॅट मारला की ती लागणार आहे.