उभा आणि आडवा अँटेना (हौशी रेडिओ)

उभा अँटेना आणि आडवा अँटेना हे हौशी रेडिओ केंद्रांवर वापरले जाणारे अँटेनाचे दोन मूलभूत प्रकार होत. जमिनीशी काटकोनात उभारलेल्या दांड्यातून निघणाऱ्या लहरींचे विद्युतक्षेत्र उभ्या दिशेत, तर जमिनीला समांतर ताणलेल्या तारेला काटकोनात निघणाऱ्या लहरींचे आडव्या दिशेत आंदोलित होते. या गुणधर्मास ध्रुवीकरण म्हणतात. लघुलहरींवर (३ ते ३० मेगॅहर्ट्झ) आयनांबरातून परतताना मूळ ध्रुवीकरण टिकत नाही. त्यामुळे तेथे ध्रुवीकरणापेक्षा लहरी क्षितिजाशी किती अंशांचा कोन करून बाहेर पडतात, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

रचना

आडव्या अँटेनाचा रूढ नमुना म्हणजे अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल. १४३ या संख्येला मेगॅहर्ट्झमधील वारंवारतेने भागले असता त्याची लांबी अंदाजे मीटरमध्ये मिळते, ७.१ मेगॅहर्ट्झसाठी ती सुमारे २० मीटर येते. तार ताणण्यासाठी सहसा दोन उंच आधार लागतात. उभा अँटेना बहुधा पाव तरंगलांबीचा, म्हणजे याच वारंवारतेला सुमारे १० मीटर उंच असतो व एका खांबावर उभा राहतो.

मात्र उभ्या अँटेनाला जागा लागत नाही, हा समज अर्धाच खरा आहे. त्याच्या विद्युत्‌प्रवाहाचा परतीचा मार्ग जमिनीतून जातो आणि साधी माती ही चांगली वाहक नसते. म्हणून खांबाच्या पायथ्यापासून चहूबाजूंना तारा पसराव्या लागतात. त्यांना रेडियल म्हणतात. आदर्श जमिनीवर पाव तरंगलांबीच्या अँटेनाचा प्रारण-रोध सुमारे ३६ ओहम असतो. रेडियल अपुरे असल्याने जमिनीचा रोधही तेवढाच भरला, तर १०० वॅटपैकी ५० वॅट केवळ माती तापविण्यात खर्ची पडतात. डायपोलला अशा रेडियलची गरज नसते.

प्रक्षेपणाचा कोन

७ मेगॅहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ४२ मीटर आहे. घराच्या गच्चीवरून १० मीटर उंचीवर बांधलेला डायपोल या हिशेबाने ठेंगणाच असतो आणि बहुतांश शक्ती आकाशाकडे सरळ फेकतो. दूरवरच्या संपर्कासाठी हा दोष असला, तरी जवळच्या संपर्कासाठी तोच गुण ठरतो. जवळजवळ सरळ वर गेलेल्या लहरी आयनांबरातून खाली परततात व काही शे किलोमीटरचा प्रदेश सलग व्यापतात. सह्याद्रीसारखी डोंगररांग मध्ये आली तरी अडथळा होत नाही. पुणे–लातूर किंवा मुंबई–कोल्हापूर अशा अंतरांना हा मार्ग सोयीचा आहे. आपत्तीत दूरध्वनी व मोबाइल सेवा कोलमडल्यावर संपर्क परदेशाशी नव्हे, तर शेजारच्या जिल्ह्याशी हवा असतो. तेथे झाडांना बांधलेली साधी तार उंच खांबापेक्षा उपयोगी पडते. रात्री आयनांबर विरळ झाल्यावर ७ मेगॅहर्ट्झवर जवळची केंद्रे ऐकू येईनाशी होतात, तेव्हा ३.५ मेगॅहर्ट्झच्या पट्ट्याकडे वळावे लागते.

उभा अँटेना याच्या उलट वागतो. तो डोक्यावरच्या दिशेने जवळजवळ काहीच प्रक्षेपित करीत नाही. लहरी क्षितिजालगत सर्व दिशांना सोडतो. अर्ध्या तरंगलांबीइतक्या उंचीवरील डायपोलचे मुख्य प्रक्षेपण सुमारे ३० अंशांवर होते, पण ३.५ मेगॅहर्ट्झला त्यासाठी ४३ मीटर उंची लागेल, जी क्वचितच कोणाला साधते. म्हणून खालच्या पट्ट्यांवर दूरसंपर्कासाठी उभा अँटेना निवडला जातो. २८ मेगॅहर्ट्झला मात्र अर्धी तरंगलांबी जेमतेम ५ मीटर असल्याने तेथे आडवा अँटेना सहज सरस ठरतो. समुद्रकिनारा हा उभ्या अँटेनासाठी अपवादात्मक लाभाचा आहे. खारे पाणी उत्तम वाहक असल्याने क्षितिजालगतच्या लहरी फारशा क्षीण होत नाहीत. कोरड्या, खडकाळ माळावर तोच अँटेना निराशा करतो.

ग्रहण

शहरांत विद्युत उपकरणांतून उद्भवणारा गोंगाट उभ्या अँटेनावर बहुधा अधिक येतो. त्यामुळे काही हौशी प्रक्षेपणासाठी उभा आणि ग्रहणासाठी वेगळा अँटेना ठेवतात.

अतिउच्च वारंवारता

१४४ ते १४६ मेगॅहर्ट्झच्या पट्ट्यात लहरी प्रामुख्याने सरळ रेषेत जातात व ध्रुवीकरण कायम राहते. एका केंद्राचा अँटेना उभा व दुसऱ्याचा आडवा असल्यास संदेश सुमारे २० डेसिबेलने, म्हणजे शंभरपटीने क्षीण होऊ शकतो. वाहनावरचा आणि हातातल्या संचाचा अँटेना स्वभावतःच उभा असल्याने एफएम रिपीटरही उभेच ध्रुवीकरण वापरतात. क्षीण संदेशांच्या एकपट्ट (एसएसबी) व मोर्स संपर्कांत मात्र आडव्या यागी अँटेनाची प्रथा आहे.