आपत्तीच्या वेळी घरातील गॅस, वीज व पाणी सुरक्षितपणे कसे बंद करावे

गॅसगळती, आग, पूर किंवा भूकंपाच्या वेळी घरातील गॅस, वीज व पाण्याचा पुरवठा वेळीच बंद केल्यास मूळ आपत्तीपाठोपाठ येणारी दुसरी दुर्घटना टळू शकते. मात्र कोणता पुरवठा आधी बंद करावा, हे धोक्याच्या स्वरूपावर अवलंबून असते. घरात पाणी शिरू लागल्यास सर्वप्रथम वीज बंद करावी लागते. घरात गॅसचा वास येत असताना मात्र विजेच्या बटणाला केलेला स्पर्शही स्फोटाचे कारण ठरू शकतो. कोणताही पुरवठा बंद करण्यासाठी आग, साचलेले पाणी किंवा गॅसने भरलेल्या खोलीतून जावे लागणार असेल, तर तो प्रयत्न न करता घराबाहेर पडणे हाच योग्य मार्ग होय.

गॅसचा वास आल्यास

स्वयंपाकाच्या गॅसला मूळचा वास जवळपास नसतो. गळती त्वरित लक्षात यावी म्हणून त्यात उग्र वासाचे रसायन मिसळलेले असते. सिलिंडरमधील एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत, ओट्याखाली व सांडपाण्याच्या नाल्यांत साचतो. नळाद्वारे येणारा नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेनचा असून हवेपेक्षा हलका असल्याने छताकडे जातो. दोन्ही प्रकारच्या गॅसला पेट घेण्यास बटणातून उडालेली बारीकशी ठिणगीही पुरेशी असते. म्हणूनच दिवे, पंखा किंवा एक्झॉस्ट फॅन सुरू करू नये. तसेच सुरू असलेले उपकरण बंदही करू नये, कारण ठिणगी दोन्ही वेळी उडू शकते. काडी, लायटर, निरांजन, दारावरची घंटा व मोबाइल यांचा वापरही टाळावा.

शेगडीची सर्व बटणे व सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात. रेग्युलेटर बंद करूनही गळती सुरू राहिल्यास तो काढून सिलिंडरच्या तोंडावर सुरक्षा टोपी बसवावी. ही टोपी सिलिंडरलाच दोरीने बांधलेली असते. ती तोडून फेकून देऊ नये. नळाच्या गॅसजोडणीत शेगडीजवळचा व्हॉल्व्ह बंद करावा. त्याची दांडी नळीला समांतर असताना पुरवठा सुरू असतो, तर काटकोनात वळवल्यावर तो बंद होतो. त्यानंतर सर्वांनी बाहेर पडावे व घरापासून दूर गेल्यावरच दूरध्वनी करावा. एलपीजी गळतीसाठी १९०६ ही सेवा चोवीस तास उपलब्ध आहे. नळाच्या गॅससाठी पुरवठादार कंपनीचा आपत्कालीन क्रमांक देयकावर छापलेला असतो. घराचा मुख्य विद्युत स्विच गळतीच्या जागेपासून दूर, इमारतीबाहेर असेल तरच तेथून वीज तोडता येते.

पाणी शिरल्यास किंवा विजेचा धोका असल्यास

पूर किंवा अतिवृष्टीत पाण्याची पातळी अल्पावधीत वाढू शकते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईतील सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. त्यामुळे पाणी सॉकेटपर्यंत पोहोचण्याची वाट न पाहता, ते दाराशी असतानाच मुख्य स्विच बंद करावा. हात व पाय कोरडे असावेत. स्विचपर्यंत जाण्यासाठी पाण्यात उभे राहावे लागणार असेल, तर त्याला हात न लावता वीज वितरण कंपनीला कळवून बाहेरून पुरवठा तोडून घ्यावा. अनेक राज्यांत यासाठी १९१२ हा क्रमांक आहे.

मुख्य स्विच बंद केल्यावर घर पूर्णपणे वीजमुक्त झाले, असे समजू नये. इन्व्हर्टरला जोडलेले दिवे व सॉकेट बॅटरीवर सुरूच राहतात. म्हणून इन्व्हर्टर स्वतंत्रपणे बंद करावा लागतो. छतावरील सौर पॅनेलही उजेड असेपर्यंत वीजनिर्मिती करत असल्याने त्यांच्या तारांना स्पर्श करू नये. एखाद्या व्यक्तीला विजेचा धक्का बसत असल्यास तिला थेट हात न लावता प्रथम पुरवठा तोडावा. गळणाऱ्या विजेमुळे आपोआप बंद होणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी अशा वेळी जीव वाचवू शकतो. त्यावरील चाचणीचे बटण अधूनमधून दाबून तो कार्यरत असल्याची खात्री करावी.

पुराच्या शक्यतेत गॅस सिलिंडरही बंद करून, रेग्युलेटर काढून उभ्या स्थितीत उंचावर बांधून ठेवावा. अन्यथा तो पाण्यात तरंगत वाहून जाऊ शकतो.

पाणीपुरवठा

नळी फुटल्यास गच्चीवरील टाकीच्या निर्गमनळीवरील व्हॉल्व्ह बंद करावा व पंपाचा स्विचही बंद ठेवावा. फुटलेल्या नळीचे पाणी विजेच्या फलकाकडे वाहत असल्यास आधी वीज व नंतर पाणी, हा क्रम पाळावा. पाणी बंद असताना गीझर सुरू ठेवू नये. पूर किंवा भूकंपानंतर बाहेरील जलवाहिन्यांत दूषित पाणी शिरण्याचा संभव असतो. अशा वेळी टाकीत येणारी नळी बंद केल्यास आतील स्वच्छ साठा वापरासाठी सुरक्षित राहतो.

भूकंपाच्या वेळी

जमीन हादरत असताना व्हॉल्व्ह किंवा स्विचकडे धावू नये; मजबूत टेबलाखाली आश्रय घ्यावा. हादरे थांबल्यावर गॅसचा वास किंवा गळतीचा आवाज येत आहे का, हे पाहूनच पुढील कृती ठरवावी.

पुरवठा पुन्हा सुरू करताना

बंद करणे घरातील कोणालाही जमते. सुरू करण्याचे काम मात्र जाणकाराकडे सोपवावे. भिजलेली वायरिंग व उपकरणे परवानाधारक विद्युत तंत्रज्ञाने तपासल्याशिवाय मुख्य स्विच सुरू करू नये. गळती झालेली गॅसजोडणी वितरकाच्या किंवा कंपनीच्या तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावी.

आणीबाणीत मुख्य स्विच किंवा व्हॉल्व्ह शोधण्यास वेळ नसतो. घरातील वडीलधारी, मुले व घरकामास येणाऱ्या व्यक्ती यांना या जागा आधीच दाखवाव्यात. गंजून घट्ट झालेले व्हॉल्व्ह बदलून घ्यावेत, फलकावरील प्रत्येक स्विचवर मराठीत किंवा घरातील सर्वांना वाचता येईल अशा भाषेत नाव लिहावे आणि १९०६, अग्निशमन दलाचा १०१ व सर्व आपत्कालीन सेवांचा ११२ हे क्रमांक दाराजवळ लावावेत.