ठिगळ

परवा आत्याचा फोन आला. "अरे, आपल्या घरच्या मेलवर दादाची पत्रं आहेत ना, ती नीट आहेत ना?" दादा म्हणजे माझे बाबा. मी "हो" म्हणालो आणि मनात चरकलो. हौसेने घरच्या नावाचं डोमेन घेतलं, त्यावर राउंडक्यूब बसवलं, आणि मग दीड वर्ष तिकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं!

वेबमेलची भोकं काही नवीन नाहीत. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी १९९६ साली हॉटमेल सुरू केलं, पुढच्याच वर्षी ते मायक्रोसॉफ्टने घेतलं. ऑगस्ट १९९९ मध्ये उघडकीला आलं की एका वेबपानावर नुसतं युजरनेम टाकलं तरी कुणाचाही इनबॉक्स उघडतोय. तुमचा पासवर्ड कितीही अवघड असो, उपयोग शून्य. जून २००६ मध्ये याहू मेलवर यामॅनर नावाचा वर्म आला. मेल नुसती उघडली की तो तुमच्या ओळखीच्यांकडे पसरायचा.

पण या दोन्ही वेळी भोक बुजवलं ते कंपनीने, स्वतःच्या सर्व्हरवर. वापरणाऱ्याला काहीच करावं लागलं नाही. राउंडक्यूबचं तसं नाही. ते हजारो लोकांनी आपापल्या सर्व्हरवर बसवलेलं असतं. १ जून २०२५ ला त्याची १.६.११ ही आवृत्ती आली, तिने तब्बल १० वर्षं लपून राहिलेलं भोक बुजवलं. गंमत अशी, की ठिगळ जाहीर झालं की भोक नेमकं कुठे होतं तेही जगजाहीर होतं. जुना आणि नवा कोड शेजारी ठेवून पाहिला की झालं. म्हणजे ज्याने ठिगळ लावलं तो सुटला, आणि जो झोपला तो आधीपेक्षा जास्त उघड्यावर पडला.

मी झोपलेल्यांपैकी होतो. फोन ठेवल्यावर आवृत्ती पाहिली, १.६.११ च्या आधीचीच निघाली. रात्री बसून अपडेट केलं, सगळे पासवर्ड बदलले, लॉग चाळले. संशयास्पद काही दिसलं नाही. दिसलं नाही म्हणजे घडलं नाही असं मात्र नव्हे.

बाबांची पत्रं जागेवर आहेत. त्यांची एक प्रत आता घरच्या डिस्कवरही ठेवली आहे. आणि दर महिन्याच्या १ तारखेला फोनवर गजर लावलाय.

असो. आत्याला तेव्हा खरं सांगायचा धीर झाला नाही. हे वाचून कळेलच तिला...