भेगेवरच्या भुकटीची कुळकथा

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या पट्ट्यातल्या फौंड्रीत तयार झालेला स्टीअरिंगचा भाग गाडीला लागण्याआधी अंधाऱ्या खोलीत तपासतात. त्यात चुंबकत्व भरायचं, चमकणारी लोखंडी भुकटी मिसळलेला द्रव वर सोडायचा आणि अतिनील दिव्याखाली पाहायचं. भेग असेल तिथे हिरवट-पिवळी रेघ उमटते. कामगारांच्या तोंडी ही चाचणी म्हणजे ‘एमपीआय’, मॅग्नेटिक पार्टिकल इन्स्पेक्शन. असा भाग घाटात तुटला तर माणसं जातात, म्हणून या रेघेचं मोल मोठं.

या चाचणीचा पूर्वज तोफखान्यातला. १८६८ साली इंग्लंडमध्ये सॅक्सबी यांनी चुंबकित तोफेच्या नळीवरून होकायंत्र फिरवून दोष शोधले. भुकटी आली ती योगायोगाने. अमेरिकेत विल्यम होक चुंबकी पकडीत धरलेलं कठीण पोलाद घासत होते. निघालेला कीस काही ठिकाणी रेघ धरून बसे, आणि त्या रेघेखाली भेग निघे. रोज झटकून टाकायच्या किसाकडे ते थांबून पाहत राहिले, ही मला या साऱ्या कुळातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. १९२२ मध्ये त्यांना पेटंट मिळालं, पण धंदा उभा राहिला नाही.

तो उभा केला आल्फ्रेड डी फॉरेस्ट यांनी. चुंबकीय रेषांना समांतर असलेली भेग लपून राहते. त्यांनी वीजप्रवाह थेट तुकड्यातूनच सोडला. भोवती गोल क्षेत्र तयार झालं आणि लांबीच्या भेगा उघड्या पडल्या. सहकारी डोन यांच्या साथीने १९३४ मध्ये ‘मॅग्नाफ्लक्स’ कंपनी निघाली.

भुकटी भेगेपाशीच का जमते? तिथे काही चुंबकीय रेषा धातूबाहेर फुगून येतात. क्षेत्र जिथे झपाट्याने बदलतं तिकडे कण ओढला जातो. १९६६ मध्ये झात्सेपिन आणि शचेर्बिनिन यांनी भेगेच्या दोन कडा विरुद्ध ध्रुव मानून याचं गणित मांडलं. वेड्यावाकड्या कास्टिंगला ते पुरेना. १९७५ च्या सुमारास ह्वांग आणि लॉर्ड यांनी संगणकात तुकड्याचे बारीक घटक पाडून क्षेत्र काढलं. पुढे त्यात कणही सोडले गेले आणि त्यांच्यावरची बलं हिशेबात धरली गेली: चुंबकाची ओढ, द्रवाचा अडथळा, कणाचं वजन आणि आधी बसलेल्या कणांनी नव्याला खेचणं. या खेचण्यानेच ढीग भेगेपेक्षा रुंद होतो आणि केसाहून बारीक चीर डोळ्यांना दिसते.

जाडी एकदम बदलते तिथे भेग नसतानाही भुकटी जमते. ही फसवी रेघ ओळखणारी नजर तयार व्हायला वर्षं लागतात. अशा जागा संगणक आधीच दाखवू शकतो. प्रवाह किती द्यायचा, कुठून द्यायचा, हेही सांगू शकतो. साच्यात रस कसा भरेल याचं सिम्युलेशन कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्यांनी आपलंसं केलं आहे. भुकटीच्या चाचणीचं सिम्युलेशनही त्यांनी आता मनावर घ्यावं.